खोडव्यातला शॉट

शमे, तुझ्या आवाजाचा कंटाळा आलाय मला. रागावू नकोस, पण खरंच आलाय. कऱ्हाडजवळच्या मलकापुरातल्या तुमच्या व्हिडिओ शूटिंगच्या दुकानामागच्या खोलीत मी दोन व्हीसीआर आणि एक टीव्ही घेऊन बसलेय, आणि दर शॉटच्या तोंडाला तू ओरडतेस, "रेडी? मनी, चल गं!" मग आपल्या फिल्ममधली छोटी मनी चालायला लागते. मी टेप मागं घेते. तू परत ओरडतेस, मनी परत चालते. गेलेल्या माणसाचा आवाज एकदा तरी कानावर पडावा म्हणून लोक तळमळतात. मला तो इतका मिळालाय की संध्याकाळपर्यंत कपाळ ठणकायला लागतं. आणि काम तरी काय, तर तुझा आवाज जिथं संपतो त्याच्या पुढून शॉट उचलायचा. तुला मागं ठेवायचं आणि मनीला तेवढी पुढं घ्यायची. सकाळपासून हेच चाललंय.

थकलेय गं. रडून नाही थकले, रडायला सवडच झालेली नाही. तुझा चाळीसावा दिवस व्हायचाय अजून, घरात माणसं येतात-जातात. बायका दारातच पदर डोळ्याला लावतात. "लगीन व्हायचं हुतं पोरीचं," "काविळीनं कुनी जातं व्हय?" असं सगळ्या तेच तेच बोलतात. परवा एकीला मी फटकन म्हणाले, "जातं. गेली न्हवं का!" अम्मीनं लांबूनच डोळे वटारले माझ्याकडं. नंतर स्वयंपाकघरात मला म्हणाली, "वैजू, लोक काय बोलायचं म्हनून बोलत्यात गं. त्यांना तरी दुसरं काय येतंय." मी चहाचे कप विसळायला घेतले.

त्या दिवशीचं सांगते तुला. तुला न्यायच्या आधी आम्ही सगळ्या बायका आतल्या खोलीत होतो. पुरुष बाहेर. तुला घेऊन गेले, आणि आम्ही तिथंच राहिलो, कारण बायकांनी पुढं जायचं नसतं. मी भिंतीला टेकून बसले होते आणि माझ्या मनात काय आलं सांगू? की ही लेडीज साईड आहे, आणि हिथं कॅमेरा घेऊन उभी राहणारी बाई आज नाही. दहावीपासून तू कऱ्हाडपासून औंधापर्यंतच्या लग्नांत बायकांच्या बाजूचं शूटिंग केलंस. पुरुषांकडं तुझा भाऊ सादिकभाई, आत तू. कुणाच्या मेंदीचे हात, कुणाच्या आजीचं हसू, सगळं तुझ्या खांद्यावरून गेलं. आणि तुझा स्वतःचा एक धड फोटो घरात मिळेना. अम्मीनं कपाट उपसलं. शेवटी कॉलेजच्या ओळखपत्रावरचा तेवढा निघाला, त्यावरही अर्ध्या तोंडावर शिक्का.

तू पहिल्यांदा माझ्याशी बोललीस ती भांडायलाच. आठवतं? सांगलीच्या कॉलेजात फिल्म मंडळ निघालं, पुण्याहून एक सर चार दिवस शिकवायला आले. त्यांनी फळ्यावर दोन गोल काढले, मधून एक रेघ ओढली आणि म्हणाले, दोन माणसं बोलत असतील तर कॅमेरा या रेघेच्या एकाच बाजूला ठेवायचा. रेघ ओलांडली की डावीकडचा माणूस उजवीकडं जातो आणि बघणाऱ्याचा गोंधळ उडतो. मला काही कळेना. मी शेजारी बसलेल्या तुला विचारलं, तर तू म्हणालीस, "त्यात न कळायला काय हाय? निकाहाला मधी पडदा आसतो का न्हाई? नवरा त्या अंगाला, नवरी ह्या अंगाला. मी पडद्याच्या पलीकडं कवा तरी जाती का? जातच न्हाई. म्हंजे माझी रेघ कवा मोडतच न्हाई." मी म्हणाले, "आमच्यात कुठं पडदा असतो?" तू म्हणालीस, "मग अंतरपाट हाय की! का तेबी इसरलीस?" आणि सरांनी आपल्या दोघींना उभं केलं.

चार दिवसांत आपण काय काय शिकलो. माणूस खुर्चीतून उठतो तेव्हा उठता-उठताच कट मारायचा, म्हणजे हालचालीत तो लपून जातो. लांबचा शॉट झाला की जवळचा घ्यायचा, आणि दोन्हींत हात त्याच जागी असला पाहिजे. दर शॉटच्या आधी आणि नंतर थोडी टेप जास्त पळू द्यायची, नाहीतर जोडायला जागा उरत नाही. आणि व्हाइट बॅलन्स करायचा, म्हणजे कॅमेऱ्याला आधी पांढरं दाखवायचं, मग त्याला बाकीचे रंग ओळखता येतात. त्यासाठी तू तुझी पांढरी ओढणी पसरून धरायचीस. सर गेले आणि तू मला बजावलंस, "बघनाऱ्याला कट दिसला म्हंजे आपन हुकलो. ध्येनात ठेव." लग्नाच्या कॅसेटमध्ये बदामाच्या आकारातून नवरा-नवरी बाहेर काढणारी तू, आणि मला कट लपवायला शिकवत होतीस. मी तसं म्हटलं तर म्हणालीस, "ते पोटासाठी. हे आपलं."

आपलं म्हणजे 'डबा'. पाच-सात मिनिटांची फिल्म. घरून निघून एक लहान मुलगी मळ्यात बापाला भाकरीचा डबा पोचवते, एवढीच गोष्ट. मला ती फारच साधी वाटली होती. मला काहीतरी हुंडा वगैरे हवं होतं. तू म्हणालीस, "आधी एक पोरगी हितनं तिथं नीट चालवून दाखव. मग हुंड्याचं बघू." रहिमतपूरजवळ आमच्या बापूकाकांचा मळा, त्यांचीच धाकटी मनी नायिका, काकाच बाप, काकू आई. सांगलीहून पॅसेंजरनं निघायचं, कऱ्हाडला तू कॅमेऱ्याची पेटी घेऊन चढायचीस, आणि रहिमतपूर स्टेशनला काका बैलगाडी घेऊन उभे असायचे.

आणि काय ती शूटिंगची तऱ्हा! गावानं कॅमेरा फक्त लग्नात बघितलेला. तू कॅमेरा खांद्यावर घेतलास की समोरचा माणूस ताठ उभा राहून तुझ्याकडं बघायचा. काका नांगर टाकून टोपी सारखी करायचे. काकूचं तर काय बोलावं. चुलीपुढं भाकरी थापायचा शॉट, आणि बाई लग्नातला शालू नेसून आल्या, नाकात नथ. मी कपाळाला हात लावला. तू मात्र अजिबात हसली नाहीस. तिच्याजवळ बसून म्हणालीस, "काकू, शालू लय झ्याक हाय. पर तुमी आदी ज्या लुगड्यात डबा भरलाय त्यातच भाकरी थापाय पायजे, न्हाईतर लोक म्हंत्याल ह्या बाईनं मधीच कवा कापडं बदलली." काकूला ते एकदम पटलं. उठून गेली आणि जुनं लुगडं नेसून आली. मी तासभर डोकं फोडलं असतं तरी तिनं ऐकलं नसतं. तुला माणसांशी बोलता यायचं, मला नुसतं सांगता येतं.

मनी मात्र पहिल्या दिवसापासून गुणी. तू "मनी, चल गं" म्हटलंस की निघायची, कॅमेऱ्याकडं चुकूनही बघायची नाही. घरातून निघाली, बोळातून गेली, देवळापुढून गेली, सगळीकडं टीव्हीच्या डावीकडून उजवीकडं. मग मळ्याची वाट आली. दोन्ही अंगाला ऊस, मधून पाण्याचा पाट, बांधावर ते एकुलतं एक आंब्याचं झाड. ऊन तिरपं झालं होतं आणि थेट कॅमेऱ्यात येत होतं. तू पाटावरून पलीकडं उडी मारलीस, डोळा कॅमेऱ्याला लावलास, "रेडी? मनी, चल गं!" मला आवडला होता तो शॉट. उसाच्या भिंतीला लागून ती एवढीशी पोर, डोक्यावर डबा. आपण खुशीत होतो. काकूनं परत निघताना गूळ-शेंगा बांधून दिल्या.

चूक कळली ती ह्याच खोलीत. आपण शॉट एकामागं एक लावून बघत होतो, आणि अम्मी दारात परात घेऊन उभी होती. तिला काय रेघ ठाऊक, काय शॉट ठाऊक. ती म्हणाली, "आगं, ही घराकडं परत का निघाली? डब्यात काय ठेवायचं ऱ्हायलं का?" आपण दोघी एकमेकींकडं बघायला लागलो. देवळापर्यंत मनी उजवीकडं चालत होती, आणि मळ्याच्या वाटेवर तीच मनी डावीकडं. बापाला जेवण द्यायला निघालेली पोरगी उसापर्यंत जाऊन गपकन घराकडं वळत होती. पडद्यापलीकडं कधी न गेलेली तू, एका पाटानं तुला फसवलं. तू हसलीसही नाहीस. टीव्ही बंद केलास आणि म्हणालीस, "येत्या आयतवारी परत घेऊ."

रविवारी आपण गेलो आणि रानात ऊसच नव्हता. ऊसतोडीची टोळी येऊन तोडून गेली होती. पाचट पेटवून दिलेलं, काळी जमीन, आणि बांधावर ते आंब्याचं झाड उघडंबोडकं वाटत होतं. काका म्हणाले, "तोड आली तर मी काय करू? कारखाना तुमच्या शूटिंगसाठी थांबतोय व्हय?" तू पेटी खाली ठेवलीस आणि कितीतरी वेळ त्या रानाकडं बघत बसलीस. मग काकांना विचारलंस, "पुन्यांदा लावनार का?" ते म्हणाले, "लावायचा कशाला? खोडवा ठेवनार. बुडक्यास्नी फुटवं येत्यात, वर्साला ऊस हुबा ऱ्हातो." तू टाळी वाजवलीस. "झालं तर! वर्सानं येऊ."

तिथंच, त्या बांधावर, आपलं भांडण सुरू झालं आणि ते मिटलंच नाही.

मी म्हणाले, वर्ष कसलं थांबायचं? फेब्रुवारीत कॉलेजांची स्पर्धा आहे. मध्ये दुसरं काहीतरी घालू. सरांनी सांगितलं होतं की दोन शॉट भांडत असले तर मध्ये तिसराच टाकावा, लोकांचं ध्यान जरा हलतं आणि मग दिशा बदललेली कळत नाही. म्हैस घालू, म्हटलं. पाटात डुंबणारी म्हैस. तू म्हणालीस, "म्हशीनं पोरगी सरळ चालाय लागती व्हय?" मी म्हणाले, दुसऱ्या कुणाच्या उसात घेऊ. तू म्हणालीस, "आन ह्यो आंबा? काका डबा घेत्यात तितं मागं ह्योच दिसतोय. त्यो काय उपटून न्यायचा?" मी चिडले. म्हणाले, कुणाला कळणार आहे शमे? तू म्हणालीस, "अम्मीला कळंल." मग मी माझं शेवटचं काढलं. "ऊस वर्षात तेवढाच होईल गं, पण मनी? मनी तेवढीच राहील का?" तू म्हणालीस, "वर्सात आशी कितीशी वाढंल." आणि पेटी उचलून चालायला लागलीस.

स्पर्धा आली आणि गेली. मी बीएड करायला सांगलीतच राहिले, तू लग्नं करत राहिलीस. भेटलो की एकदा तरी हा विषय निघायचाच. मी म्हणायचे, म्हैस. तू म्हणायचीस, खोडवा. मला वाटायचं, तू नुसता हट्ट करतेस, आणि तुला वाटायचं, मी नुसती घाई करते. दोन्ही खरं होतं. पण त्या भांडणामुळंच आपण एकमेकींना सोडलं नाही, हे मला आता कळतंय. बाकीच्या मैत्रिणी कॉलेज संपल्यावर जिकडच्या तिकडं गेल्या. आपल्याला एक शॉट घ्यायचा बाकी होता.

ह्या दिवाळीनंतर कऱ्हाडच्या स्टँडसमोर तू रसाच्या गुऱ्हाळावर बसलेलीस. पुढ्यात उसाच्या रसाचा मोठा ग्लास. मी म्हणाले, थंडीत रस? तू डोळ्याची खालची कड बोटानं ओढून मला दाखवलीस. "बघ, व्हाइट बॅलन्स गेलाय." डोळे पिवळेजर्द. मी हसले, तूही हसलीस. पाल्याचं औषध देणारा कुणी एक गावातला माणूस होता, त्याचं घेतेस म्हणालीस. विश्रांती घे म्हटलं तर म्हणालीस, "ह्या म्हयन्यात पाच लग्नं हायेत. लेडीज साईडला कोन जानार, सादिकभाई बुरखा घालून?" आणि उठताना म्हणालीस, "खोडवा आलाय बघ डोक्याच्या वर. काकांचा निरोप हुता." आपलं शेवटचं बोलणं उसाचंच झालं.

त्यानंतर मी तुला बघितलं ते दवाखान्यात, आणि तेव्हा तू कुणाला ओळखत नव्हतीस. मी तुझ्या उशाशी बसले होते. खूप काही बोलायचं होतं असं पुस्तकात लिहितात. मला काही सुचत नव्हतं. तुझा हात गरम होता, तेवढं आठवतं.

आता पुढचं ऐक, कारण ते तुझ्यामागं झालंय.

गेल्या आठवड्यात दुकानाच्या फोनवर काकांचा निरोप आला. तोड आली, सोमवारी टोळी रानात उतरणार. मी निरोप ऐकला आणि मला नुसता राग आला. ऊस वेळेवर आला, टोळी वेळेवर आली, आणि तू नाहीस. मी सादिकभाईला म्हणाले, जाऊ दे, मला नाही जमायचं, आहे तसंच राहू दे सगळं. मी खरंच दमले होते. तुझ्या भावाला बोलायला कधी येतं? आत गेला आणि कॅमेऱ्याची पेटी आणून माझ्यापुढं ठेवली. ज्या पेटीला त्यानं मला कधी हात लावू दिला नव्हता ती. अम्मी मागून आली आणि पेटीवर घडी केलेली तुझी पांढरी ओढणी ठेवली. "कॅमेऱ्याला दावायला लागती न्हवं?" एवढंच म्हणाली. मग न जाऊन कुणाला सांगते.

रहिमतपूरला उतरले. काका स्टेशनवर होते. त्यांनी पेटी घेऊन बैलगाडीत ठेवली. मळ्यात आले आणि थांबले. ऊस उभा होता, शमे. तेवढाच. आंबा तोच, पाट तोच. तू म्हणालीस तसंच अगदी. मी बांधावर ओढणी पसरली, कॅमेऱ्याला पांढरं दाखवलं, आणि त्यात डोळा लावला.

आणि मनी आली. तिला काकूनं तोच फ्रॉक घातला होता. गुडघ्याच्या कितीतरी वर गेलेला, पाठीवर बटणं लागत नव्हती म्हणून टाचण्या लावलेल्या. वीतभर वाढलीय पोरगी. केसांचा बॉबकट होता तिथं आता दोन वेण्या. चेहरासुद्धा लांबट झालाय. मी एकदा तिच्याकडं बघितलं, एकदा उसाकडं. मी भांडण जिंकले होते आणि मला कुणावर तरी जोरात ओरडावंसं वाटलं.

पाटाच्या अलीकडच्या बाजूला उभी राहिले, म्हणजे बरोबर बाजूला. तर ऊन सगळं डोळ्यात. काही म्हणता काही दिसेना. तेव्हा समजलं तू का उडी मारली होतीस. मग तिथंच बसून राहिले. मनी शेंगा खात बसली, काका तंबाखू मळत. ऊन आंब्याच्या मागं सरकेपर्यंत तसेच बसलो. तू असतीस तर तेवढ्या वेळात काकांकडून अख्ख्या गावाच्या भानगडी काढून घेतल्या असत्यास.

ऊन सरकलं. मनी डबा डोक्यावर घेऊन जागेवर उभी राहिली. मी कॅमेरा चालू केला, टेप जराशी पळू दिली, तू शिकवलंस तशी. आणि ती हलेना. मी वाट बघतेय, ती वाट बघतेय. मग कॅमेऱ्याकडं न बघता, मान तशीच सरळ ठेवून ती म्हणाली, "आक्का, आता चल कोन म्हननार?"

टेप पळतेय, ऊन चाललंय. काकांनी तोंड फिरवलं. शेवटी मी म्हणाले, "मनी, चल गं." माझाच आवाज मला ओळखू आला नाही. ती चालायला लागली, उसाच्या कडेनं, डावीकडून उजवीकडं, आंब्याच्या पुढून, बापाच्या दिशेनं. मी कॅमेरा हलू दिला नाही. आयुष्यात पहिल्यांदा माझा हात हलला नाही. ती चौकटीच्या बाहेर गेली तरी मी तशीच धरून राहिले, आणि नुसता ऊस हलत होता. मला तू हवी होतीस तिथं. दुसरं काही नाही, नुसती शेजारी उभी असतीस आणि म्हणाली असतीस की लय लांबवलास, कापावा लागंल.

म्हणून हे चार-पाच दिवस इथं बसलेय. टेप मागं, टेप पुढं. काल दुपारी देवळापुढचा शॉट उचलत होते. वीज सारखी जात होती, त्यामुळं पुन्हापुन्हा पहिल्यापासून करायला लागायचं. "रेडी? मनी, चल गं." परत. "रेडी? मनी, चल गं." मागं स्वयंपाकघरात अम्मी भांडी घासत होती. भांड्यांचा आवाज कधी थांबला मला कळलंच नाही. वळून बघितलं तर ती दारात, ओले हात तसेच धरून. मी घाईघाईनं आवाज बंद केला. ती म्हणाली, "बंद नको करू. आनिक एकदा लाव." मी लावलं. "आनिक एकदा." मी लावत राहिले. माझा कंटाळा कुठल्या कुठं गेला आणि मला माझीच लाज वाटली. मग आम्ही दोघी रडलो, तुझ्या त्या फिरत्या स्टुलावर मी आणि उंबऱ्यात अम्मी. रडायची सवड अशी मिळाली.

फिल्ममधून मात्र तुझा आवाज मी काढला. सगळा. एकही "चल गं" ठेवला नाही. ठेवला असता तर तूच शिव्या दिल्या असत्यास, की फिल्ममधी बाई कोन वरडतीया. कच्च्या टेपा तशाच वेगळ्या ठेवल्या. सादिकभाई जुन्या टेपांवर परत लग्नं घेतो, तुला माहीतच आहे, म्हणून त्याला सांगायला गेले की एवढ्या सोडून दे. तर तो काउंटरवर त्याच टेपा घेऊन बसला होता आणि स्क्रू-ड्रायव्हरनं एकेकीच्या कडेचं ते छोटं प्लास्टिक मोडत होता. ते मोडलं की त्या टेपेवर पुन्हा काही भरता येत नाही. एक मोडायचा, पुसायचा, बाजूला ठेवायचा. मी परत आत आले.

आज दुपारी जोडणी संपली. काकूनं जुन्या लुगड्यात भाकरी थापली, मनी निघाली, बोळ, देऊळ, मग मळ्याची वाट, आणि बापाच्या हातात डबा, त्या जुन्या शॉटात मनीचे नुसते हात दिसतात. सगळीकडं एकाच दिशेला. मी अम्मीला हाक मारली. ती आली आणि तेव्हासारखीच दारात उभी राहिली. बस म्हटलं तर बसली नाही. पदराला हात पुसत बघत होती. देवळापुढून मनी निघाली, बॉबकटवाली, एवढीशी. पुढच्या पावलाला ती उसाच्या कडेला होती, वीतभर उंच, दोन वेण्या.

"आगं," अम्मी म्हणाली, "वाटंतच मोठी झाली की पोरगी."

मी म्हणाले, "व्हय."

ती टीव्हीकडंच बघत होती. काकांनी उसातून बाहेर येऊन डबा घेतला, मांडी घालून बसले, फडकं सोडलं. "पर पोचली न्हवं," ती म्हणाली आणि पदरानं डोळे पुसत आत गेली. भांड्यांचा आवाज परत सुरू झाला.

तू म्हणाली होतीस अम्मीला कळंल. कळलं, शमे. पहिल्याच फटक्यात. कट दिसतो. तसाच राहू दिलाय. म्हैस नाही घातली मी मध्ये.